सडा रिकामा नाही

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. त्याच्या अंगात इतर प्राण्यांची दाटी आहे. शेजारी उभं राहिलं तर तो एका नजरेत मावत नाही. पण सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची जी चित्रं फुकट मिळतात, त्यांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटरचा चौकोन. अख्खा हत्ती दोन-तीन ठिपक्यांत संपतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर तो अर्धा मिलिमीटरही भरत नाही. आणि सातबाऱ्यावर अशी कातळाची जमीन बहुतेक वेळा पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेली असते. तिन्ही कागद एकच सांगतात: इथे काही नाही.

कातळशिल्पांचे नकाशे करणं हे माझं काम, आणि माझं सगळं भांडण या 'काही नाही'शी आहे.

हे काम मी क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरवर करते. ते फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, 2002 पासून जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेलं आहे. त्यात नकाशा थरांनी बनतो. एका थरावर उपग्रहाचं चित्र, दुसऱ्यावर चढउतार, तिसऱ्यावर गाव नकाशा, चौथ्यावर सड्यावर चालून टिपलेल्या जागा. प्रत्येक जागेमागे तक्ता असतो: आकृती कोणती, लांबी-रुंदी किती, रेषा किती झिजली, शेजारी चिरेखाण आहे का. मग सगळ्या थरांना एकदम प्रश्न विचारता येतो. रस्त्यापासून 50 मीटरच्या आत किती आकृत्या आहेत, असं विचारलं की त्या क्षणात वेगळ्या रंगात उठून दिसतात.

शोध मात्र पायांनीच लागतो. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी सडे तुडवत, गावकऱ्यांना, गुराख्यांना विचारत फिरले, म्हणून ही शिल्पं एवढ्या संख्येने जगापुढे आली. 2022 मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. शोधणाऱ्याला सॉफ्टवेअर एवढीच मदत करतं की सपाट कातळ कुठे आहे, त्यातला कोणता अजून कुणी पाहिलेला नाही, हे दाखवतं. चाळीस गावांच्या टापूत ही मदतही थोडी नव्हे.

खरी मौज ड्रोनच्या चित्रांत आहे. पावसाळ्यानंतर सड्यावरचं गवत वाळून बसलं की ड्रोन कमी उंचीवरून, एकावर एक चढणारे शेकडो फोटो घेतो. त्यांतून संगणक जमिनीचा उंचसखलपणा सेंटिमीटरच्या हिशेबात उभा करतो. मग सूर्य आपल्या हातात येतो! पूर्वेकडून तिरपा प्रकाश टाकला तर कातळात कोरलेल्या एका गेंड्याची पाठ दिसते, उत्तरेकडून टाकला तर जी रेषा मी तडा समजून सोडली असती तीच त्याच्या पोटाखाली वळताना दिसते. गेंडा आज कोकणात नाही; तो कोरणाऱ्यांनी कुठे पाहिला असेल, याने माझी झोप उडते. या चित्रांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून तर प्रत्येक रेषा जिथे आहे तिथेच, तशीच नोंदली जायला हवी.

सगळ्यात किचकट काम गाव नकाशाचं. तो साखळीने मोजून काढलेला, अक्षांश-रेखांशांशिवाय. उपग्रहाच्या चित्रावर त्याला बसवायचं तर दोन्हींकडे ओळखू येतील अशा जागा लागतात: देवळाचा कोपरा, पऱ्यावरचा साकव, हद्दीचा दगड. कागद कुठे आखडलेला, कुठे ताणलेला असतो. पाच-सहा खुणा जुळल्या तरी सातवी शेजारच्या हिश्शात जाऊन पडते. मला हे काम सर्वांत मोलाचं वाटतं. कारण 'गावच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत' या वाक्याचा तहसील कार्यालयात उपयोग नसतो. कोणत्या सर्व्हे नंबरात, कोणत्या हिश्शात, हे लिहावं लागतं. चिरेखाणीचा अर्जही त्याच नंबरावर येतो.

दुसरा आग्रह मी धरते तो ठिपक्याविरुद्ध. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. सॉफ्टवेअर हे पट्टे एका आज्ञेत आखून देतं. पण ते कुठून मोजायचे? कातळशिल्पाला ना भिंत, ना कळस. एक आकृती इथे, दुसरी तिथून 60 मीटरवर, मधे कोरा कातळ. प्रत्येक आकृतीला एक ठिपका दिला तर मधला कातळ पुन्हा 'रिकामा' ठरतो. म्हणून मी सगळ्या आकृत्यांना कवेत घेणारी हद्द आखते, आणि पट्टे त्या हद्दीपासून मोजते.

एका सड्यावर गुरं चारणाऱ्या आजोबांना मी टॅबवर नकाशा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बाय, यात आमची तळी नाय दिसत ती?" कातळातली ती तळी पावसानंतर काही महिने टिकते, गुरं तिथेच पाणी पितात. उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रात ती येणार कशी? तेव्हापासून माझ्या नकाशात पाणवठ्यांचा वेगळा थर आहे. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असतं, हे त्याच्या तक्त्यात गावकऱ्यांना विचारून भरते. शिल्पं आणि पाणी यांच्यातली अंतरं आता मोजता येतात. त्यावरून निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. तेव्हाचं पाणी आजच्याच जागी होतं असं धरून चालता येत नाही.

नेमके अक्षांश-रेखांश मात्र मी कुणालाही सरसकट देत नाही. शासनाकडे, ग्रामपंचायतीकडे आणि अभ्यासकांकडे पूर्ण नकाशा जातो. बाकीच्यांसाठीच्या प्रतीत जागा मुद्दाम किलोमीटरभर ढोबळ केलेली असते. ज्यांना शिल्पं पाहायची आहेत त्यांनी गावात यावं, वाट विचारावी आणि गावातल्या माणसाला सोबत घेऊन सड्यावर जावं.