आठवड्यातील दहा मिनिटे
नैराश्यावर आंतरजालावरून उपचार करता येतात का, हा प्रश्न गेल्या पाव शतकात मागे पडला असला, तरी अशा उपचारात माणसाचा वाटा किती असावा, या प्रश्नाने संशोधकांची पाठ अजून सोडलेली नाही. अ‍ॅरन बेक यांचा संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे मनात आपसूक उमटणारे निराश विचार हेरून ते वस्तुस्थितीशी ताडून पाहण्याची आणि रोजच्या वागण्यात बेताने बदल करण्याची पद्धत, मुळातच टप्प्याटप्प्यांची व गृहपाठाची असल्याने ती संगणकावर उतरवणे सोपे ठरले. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत २००१ च्या सुमारास ‘मूडजिम’ हे पाच भागांचे विनामूल्य संकेतस्थळ तयार झाले, आणि २००४ मध्ये हेलन क्रिस्टेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२५ जणांवरील चाचणीत त्याने नैराश्याची लक्षणे घटतात असे दाखवले. मात्र या सहभागींना दर आठवड्याला दूरध्वनी जात होता, ही बाब वाचकाच्या नजरेतून सहज निसटावी अशी होती.

इंग्लंडमध्ये २००६ साली ‘नाइस’ या संस्थेने ‘बीटिंग द ब्लूज’ या आठ सत्रांच्या कार्यक्रमाची शिफारस केली. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६९१ रुग्णांवरील चाचणीत या दोन्ही कार्यक्रमांमुळे डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांहून अधिक लाभ आढळला नाही. दूरध्वनी येथेही होता, परंतु तो प्रामुख्याने तांत्रिक साहाय्यापुरता. निम्मे रुग्ण ‘बीटिंग द ब्लूज’च्या दोन सत्रांपलीकडे गेले नाहीत. यात नवल नाही, कारण हाती घेतलेले काम तडीस नेण्याची उमेद ज्या आजारात प्रथम आटते, त्याच आजाराच्या रुग्णाकडून ती उमेद गृहीत धरली गेली होती.

स्वीडनमध्ये गेरहार्ड अँडरसन, पेर कार्लब्रिंग आदींनी आरंभापासून वेगळी वाट धरली होती. तेथील रुग्ण घडलेला प्रसंग, त्या क्षणी मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे तक्त्यात भरून पाठवी, आणि उपचारक ते वाचून चार ओळींचे उत्तर लिही; एका रुग्णामागे आठवड्याला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे लागत. अनेक चाचण्यांतील माहिती एकत्र करून २०२१ मध्ये झालेल्या विश्लेषणातही सौम्य नैराश्यात मार्गदर्शकाच्या असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नाही, मध्यम व तीव्र नैराश्यात मात्र तो पडतो, असेच दिसून आले.

हा मार्गदर्शक मानसतज्ज्ञच हवा असे नाही, ही गोष्ट आंतरजालाबाहेर, गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेच्या कामातून पुढे आली होती: अल्प प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी समोरासमोर दिलेल्या सहा ते आठ सत्रांमुळे तीव्र नैराश्याचे रुग्ण सुधारल्याचे ४९५ जणांवरील चाचणीने दाखवले. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सुरू केले, तेही दूरध्वनीच्या पायावर. १४४१६ फिरवून मराठी निवडली की पलीकडून समुपदेशक बोलू लागतो.