इंग्रजीच्या मंडईतील वाक्प्रचार

कोणत्याही भाषेतील वाक्प्रचारांचा मोठा भाग शेत, बाजार आणि स्वयंपाकघर यांतून येतो. 'आवळा देऊन कोहळा काढणे' किंवा परीक्षेत 'भोपळा मिळणे' असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर फळभाजी येत नाही. इंग्रजीतही काकडी, बटाटा, गाजर यांनी असेच निराळे अर्थ धारण केले आहेत. प्रत्येक शब्द ठाऊक असूनही वाक्य उमगत नाही, हा इंग्रजी वाचताना येणारा अनुभव बऱ्याचदा यामुळेच येतो.

संकटातही विचलित न होणाऱ्या व्यक्तीला 'कूल अ‍ॅज अ क्युकंबर' म्हणतात. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असल्याने ती स्पर्शाला गार लागते. कवी जॉन गे याने १७३२ मध्ये ही उपमा वापरली होती. मराठीत एखाद्याला 'थंड' म्हटले की निरुत्साहाचा ठपका येतो. इंग्रजीतील काकडी मात्र धीरोदात्तपणाची प्रशंसा करते.

'टु स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. प्राचीन ग्रीसमधील मतदानाशी त्याचा संबंध जोडणारी कथा रंजक असली, तरी तिला भक्कम आधार नाही. हा अर्थ विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत रूढ झाला. 'फुल ऑफ बीन्स' वापरताना अधिक सावध राहावे. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ 'उत्साहाने सळसळणारा' असा होतो, तर अमेरिकेत 'निरर्थक बडबड करणारा' असाही होतो. कौतुक करावे आणि समोरच्याने अपमान समजावा, असा प्रसंग त्यातून ओढवू शकतो.

बटाट्याच्या वाट्याला बरीच उपेक्षा आली आहे. कोणीही हाताळू इच्छित नाही असा वादग्रस्त विषय म्हणजे 'हॉट पोटॅटो'. क्षुल्लक माणसे किंवा बाबी म्हणजे 'स्मॉल पोटॅटोज'. दूरचित्रवाणीसमोर तासन् तास लोळणारा 'काउच पोटॅटो' १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात जन्मला. या शब्दामुळे बटाट्याची प्रतिमा मलिन होते, अशी तक्रार करीत ब्रिटनमधील बटाटा उत्पादकांनी २००५ मध्ये लंडन व ऑक्सफर्ड येथे निदर्शने केली. ऑक्सफर्ड शब्दकोशातून तो काढावा आणि त्याऐवजी 'काउच स्लाउच' रूढ व्हावा, अशी त्यांची मागणी होती. शब्द कोशात कायम राहिला. लोक जे बोलतात त्याची नोंद करणे हेच कोशाचे काम असते.

शब्दशः भाषांतर कसे फसवते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे गाजर. 'कॅरट अँड स्टिक' या धोरणात एका हाती आमिष आणि दुसऱ्या हाती शिक्षेचा धाक असतो. आपल्याकडील साम, दाम, दंड, भेद यांपैकी दाम आणि दंड त्याच्या जवळ जातात. त्यातील गाजर प्रत्यक्ष पदरात पडणारा लाभ असू शकते. मराठी राजकारणात 'गाजर दाखवणे' म्हणजे मात्र पोकळ आश्वासन देणे. इंग्रजी बातमीतील 'कॅरट'चे भाषांतर 'गाजर' असे केले, तर तटस्थ वाक्यालाही उपरोधाची धार चढते.

'लाइक टू पीज इन अ पॉड' म्हणजे एकाच शेंगेतील दोन वाटाण्यांसारखे हुबेहूब. 'टु नो वन्स अनियन्स' म्हणजे आपल्या विषयात पारंगत असणे. 'सॅलड डेज' म्हणजे कोवळ्या, अननुभवी तारुण्याचे दिवस. हा शब्दप्रयोग शेक्सपिअरने 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये क्लिओपात्राच्या तोंडी घातला. राणी एलिझाबेथ दुसरी यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९४७ मध्ये, आजन्म सेवेची प्रतिज्ञा केली होती. राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात, १९७७ मध्ये, तिचा उल्लेख करताना त्यांनी हाच प्रयोग केला. अलीकडे अमेरिकेत तो 'भरभराटीचे दिवस' या अर्थानेही आढळतो.

म्हणूनच असे वाक्प्रचार यादी करून पाठ करण्यापेक्षा वाक्यासह टिपून ठेवणे हितावह. बोलणारा कोणत्या देशाचा आहे आणि सूर स्तुतीचा की उपहासाचा, हे लक्षात घेतले की अर्थ सहज उकलतो. नोकरीच्या अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात मात्र ते टाळलेलेच बरे. तेथे साधे, सरळ इंग्रजीच अधिक शोभते.