विश्लेषण : अंधेरीत ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर कसा आला होता?

अंधेरी पूर्व विधानसभा पोटनिवडणुकीचा निकाल ६ नोव्हेंबर २०२२ रोजी लागला. शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) ऋतुजा लटके ६६,५३० मते घेऊन विजयी झाल्या. निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक होता, त्यामुळे त्याची बातमी झाली नाही. बातमी झाली ती दुसऱ्या क्रमांकाची. तिथे कुठलाही उमेदवार नव्हता, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण होते. ‘नोटा’ला १२,८०६ मते पडली. रिंगणातल्या उरलेल्या सहा उमेदवारांची मते एकत्र केली तरी ती ७,२३४ भरतात.

राजकारणी मंडळींना वैतागलेल्या मतदारांच्या हाती काय असते, असा प्रश्न निघाला की आजही अंधेरीचे उदाहरण दिले जाते. पण ते दिसते तेवढे सरळ नाही.

त्या निवडणुकीत नेमके काय घडले होते?

आमदार रमेश लटके यांचे ११ मे २०२२ रोजी दुबईत निधन झाले. जागा रिकामी झाली आणि पुढच्याच महिन्यात शिवसेना फुटली. एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, ३० जूनला मुख्यमंत्री झाले. ‘धनुष्यबाण’ कोणाचा हा वाद निवडणूक आयोगाकडे गेला. पोटनिवडणूक तोंडावर असताना ८ ऑक्टोबरला आयोगाने चिन्ह आणि ‘शिवसेना’ हे नाव दोन्ही गोठवले. ठाकरे गटाला ‘मशाल’ मिळाली, शिंदे गटाला ‘ढाल-तलवार’. म्हणजे गुंदवली, चकाला, महाकाली लेण्यांचा परिसर इथल्या ज्या मतदाराने वर्षानुवर्षे डोळे झाकून धनुष्यबाणाचे बटण दाबले, त्याला मतदान यंत्रावर ते चिन्हच दिसणार नव्हते.

ऋतुजा लटके महापालिकेत नोकरीला होत्या. त्यांचा राजीनामा मंजूर होत नव्हता आणि अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबरला आदेश दिला, दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा स्वीकारल्याचे पत्र मिळाले आणि शेवटच्या दिवशी अर्ज दाखल झाला. समोर भाजपचे मुरजी पटेल होते. २०१९ मध्ये याच मतदारसंघात अपक्ष म्हणून लढून त्यांनी ४५,८०८ मते घेतली होती, रमेश लटके यांना तेव्हा ६२,७७३ मते होती. शिवसेना फुटल्यानंतरची ही पहिली मोठी लढत, त्यामुळे ती चुरशीची होणार यात शंका नव्हती.

पण लढत झालीच नाही. १६ ऑक्टोबरला राज ठाकरे यांनी देवेंद्र फडणवीस यांना पत्र लिहून उमेदवार मागे घेण्याची विनंती केली. दिवंगत आमदाराच्या पत्नीविरुद्ध लढू नये, असा त्यांचा मुद्दा होता. शरद पवार यांनीही तसेच आवाहन केले. दुसऱ्या दिवशी, माघारीच्या अखेरच्या दिवशी, भाजपने पटेल यांचा अर्ज मागे घेतला.

ही ‘महाराष्ट्राची परंपरा’ असल्याचे तेव्हा सर्वच नेत्यांनी सांगितले. परंपरा आहे, पण ती सोयीने आठवते. पंढरपुरात २०२१ साली भारत भालके यांच्या निधनानंतर त्यांच्या मुलाविरुद्ध भाजप लढला आणि जिंकलाही. देगलूरमध्ये त्याच वर्षी आणि कोल्हापूर उत्तरमध्ये एप्रिल २०२२ मध्येही लढत झाली. अंधेरीनंतर चारच महिन्यांनी कसबा आणि चिंचवडमध्ये भाजपच्या आमदारांच्या निधनाने पोटनिवडणुका झाल्या, तेव्हा महाविकास आघाडीनेही उमेदवार दिले. म्हणजे कुठे लढायचे आणि कुठे नाही हे नेत्यांनी ठरवले. मतदाराला कोणी विचारले नाही.

ही १२,८०६ मते कोणाची होती?

इथे दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिले उत्तर वैतागाचे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईकराने युतीला किंवा आघाडीला मत दिले. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरला पहाटेचा शपथविधी, तीन दिवसांत राजीनामा, २८ नोव्हेंबरला वेगळेच सरकार. अडीच वर्षांनी तेही गेले आणि तिसरे आले. एका मताच्या बदल्यात तीन मुख्यमंत्री. त्यातच मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती, निवडणूक झाली नव्हती आणि कारभार प्रशासकाकडे होता. अंधेरीकरांना त्याचा अर्थ लगेच कळला. पोटनिवडणुकीच्या मतमोजणीच्या दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, पूर्व-पश्चिम जोडणारा गोखले पूल धोकादायक म्हणून वाहतुकीला बंद झाला. २०१८ मध्ये याच पुलाच्या पादचारी भागाचा काही हिस्सा रुळांवर कोसळला होता. पूल बंद झाल्यावर जाब विचारायला वॉर्डात नगरसेवक नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला पुलाला जुळतच नाही, दोघांच्या उंचीत माणसाएवढे अंतर आहे, हे लोकांनी पाहिले. त्यावर मोबाइलवर फिरलेले विनोद बहुतेक वाचकांना आठवत असतील.

दुसरे उत्तर मात्र पक्षीय आहे. मतदानाच्या आधीच ठाकरे गटाने आरोप केला होता की, ‘नोटा’चे बटण दाबावे यासाठी मतदारांना सांगितले जात आहे, पैसेही वाटले जात आहेत. भाजपने तो फेटाळला. आरोप खरा-खोटा बाजूला ठेवला, तरी ज्या मतदाराला मुरजी पटेल यांना मत द्यायचे होते त्याच्यापुढे उरलेले मार्ग मोजकेच होते : घरी बसणे, अपक्षाला मत देणे किंवा ‘नोटा’. त्यातल्या काहींनी तिसरा निवडला असणार, हे उघड आहे. हा मतदार सगळ्या नेत्यांवर रागावलेला नव्हता, त्याला फक्त आपला नेता यंत्रावर सापडला नव्हता.

यंत्रात ही दोन्ही मते एकाच रकान्यात जातात. चिडून दाबलेले आणि ठरवून दाबलेले बटण सारखेच मोजले जाते.

आणि एक आकडा ‘नोटा’पेक्षा मोठा होता. त्या दिवशी मतदान झाले जेमतेम ३१.७४ टक्के. मतदारसंघात सुमारे २ लाख ७१ हजार मतदार होते. म्हणजे ‘नोटा’ दाबणाऱ्या एका माणसामागे सुमारे चौदा जण मतदान केंद्राकडे फिरकलेच नाहीत. गुरुवार होता, कामाचा दिवस होता, हे खरे. पण निकाल ठरलेलाच असेल तर रांगेत कोण उभे राहील?

ब्रिटनमध्ये अशा वेळी मतदारांनी काय केले?

हाच वैताग तीन वर्षे आधी ब्रिटनमध्ये टोकाला गेला होता. २३ जून २०१६ रोजी तिथल्या मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के कौल दिला. पण बाहेर पडायचे कसे यावर संसदेचे एकमत होईना. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार जानेवारी ते मार्च २०१९ या काळात तीनदा फेटाळला गेला. २७ मार्चला तर खासदारांनी आठ वेगवेगळ्या पर्यायांवर मतदान केले आणि आठही पर्याय पाडले. संसदेनेच ‘वरीलपैकी काहीही नाही’ म्हटल्यासारखे ते होते. बाहेर पडा म्हणणारे चिडले, राहा म्हणणारेही चिडले.

ब्रिटनच्या मतपत्रिकेवर ‘नोटा’ नसतो. २ मे २०१९ च्या स्थानिक निवडणुकांत अनेकांनी मतपत्रिकेवर ब्रेक्झिटबद्दल आणि नेत्यांबद्दल चार खरमरीत शब्द लिहून ती मुद्दाम बाद केली. संशयास्पद मतपत्रिका बाद ठरवताना तिथे पक्षांच्या प्रतिनिधींना दाखवल्या जातात. म्हणजे मत मोजले गेले नाही तरी मजकूर वाचला गेला. मतपत्रिकांच्या काळात आपल्याकडेही पेटीतून अशा चिठ्ठ्या निघत. यंत्र आल्यावर तो मार्ग बंद झाला. त्या निवडणुकीत मे यांच्या हुजूर पक्षाने १,३०० हून अधिक जागा गमावल्या. त्याच महिन्यात युरोपीय संसदेची निवडणूक झाली आणि काही महिन्यांपूर्वीच स्थापन झालेला ब्रेक्झिट पक्ष ब्रिटनमधून २९ जागा जिंकून पहिला आला. मे यांना पद सोडावे लागले.

म्हणजे तिथे रागाला जायला जागा सापडली, मग ती जागा चांगली की वाईट हा भाग वेगळा. त्यानंतरही पंतप्रधान बदलत राहिले. जेमतेम ४९ दिवस पदावर राहिलेल्या लिझ ट्रस यांच्या जागी ऋषी सुनक आले ते २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, अंधेरीच्या मतदानाच्या नऊ दिवस आधी.

‘नोटा’ दुसरा आला अशी आणखी ठिकाणे कोणती?

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख जिंकले आणि २७ हजारांहून अधिक मतांसह ‘नोटा’ दुसरा आला. सांगलीतल्या पलूस-कडेगावमध्ये विश्वजीत कदम यांच्यामागे ‘नोटा’ २० हजारांहून अधिक मते घेऊन होता. या दोन्ही ठिकाणी युतीच्या जागावाटपात मतदारसंघ शिवसेनेकडे गेला होता आणि तयारी करून बसलेला भाजपचा नेता बाजूला पडला होता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेऊन भाजपची वाट धरली. काँग्रेसने मग ‘नोटा’ दाबा असे आवाहन केले आणि ‘नोटा’ला २,१८,६७४ मते मिळाली.

चारही ठिकाणी धागा एकच आहे. लोक जिथे सर्वाधिक नाराज आहेत तिथे ‘नोटा’ वर येतो असे नाही. नाराजी तर सगळीकडे आहे. जिथे खरा प्रतिस्पर्धी मतदानाआधीच गायब होतो तिथे तो वर येतो. पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. २०२४ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमधून भाजपचे रमेश कराड, म्हणजे २०१९ मध्ये डावलले गेलेलेच, निवडून आले. अंधेरी पूर्वमध्ये मुरजी पटेल शिंदे यांच्या शिवसेनेतून लढले आणि ९४,०१० मते घेऊन जिंकले. ऋतुजा लटके यांना ६८,५२४ मते मिळाली, म्हणजे २०२२ पेक्षा थोडी जास्तच, तरी त्या हरल्या. पलूस-कडेगावची गोष्ट मात्र निराळी, तिथे कदम पुन्हा निवडून आले.

‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर?

विधानसभा आणि लोकसभेत काहीच होत नाही. ‘नोटा’ पहिला आला तरी त्याच्या खालोखाल मते घेणारा उमेदवार विजयी ठरतो. अनामत रक्कम वाचवण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात, तो हिशेब करतानाही ‘नोटा’ची मते वगळतात.

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी ‘नोटा’चा आदेश दिला तो मुख्यतः गुप्ततेसाठी. त्याआधी ‘कोणालाच मत द्यायचे नाही’ असे म्हणायचे तर ४९-ओ या नियमाखाली मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्याला तसे सांगावे लागे आणि वहीत नोंद होत असे. खोलीत बसलेल्या सगळ्या पक्षांच्या पोलिंग एजंटांना ते कळे. बटण आल्याने ही भीती गेली. उमेदवार नाकारण्याचा अधिकार मात्र त्यातून मिळाला नाही. ‘नोटा’ला बहुमत मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावी, या मागणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये निवडणूक आयोगाला नोटीस बजावली होती.

महापालिकेला वेगळा नियम आहे का?

हो, आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. महाराष्ट्राच्या आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की, या निवडणुकांत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेवर पुन्हा निवडणूक घ्यायची. दुसऱ्यांदाही ‘नोटा’च पहिला आला, तर मात्र उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा निवडून आल्याचे जाहीर होते. म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या मतदाराने आमदारकीला ‘नोटा’ दाबला तर तो नोंदीपुरता, पण नगरसेवकाच्या निवडणुकीत त्याच बटणाला थोडे दात आहेत.

ते दात वापरायची वेळ मुंबईत जवळपास चार वर्षे आलीच नाही. प्रभाग २२७ की २३६, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण किती, असे वाद न्यायालयात चालू राहिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असे बजावले आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईसह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. पण मतदानाच्या आधीच, अर्ज माघारीनंतर, राज्यभरात ६० हून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले होते. त्या जागांसाठी मतदान झाले नाही. त्यामुळे तिथल्या मतदारांना ‘नोटा’चे बटणही मिळाले नाही.