लाइन बंद करू नका, कार्डाला गप्प करा

समजा, पुणे–हैदराबाद महामार्गावर उमरग्याजवळ एक वजनकाटा आहे. इंडिकेटरवरचं वजन सीरियल केबलने संगणकात येतं आणि पावती छापणारं सॉफ्टवेअर आहे विंडोज एक्सपीच्या काळातलं. जुना संगणक बंद पडला. मग नव्या लिनक्स मशीनवर (होस्ट) केव्हीएम या सुविधेने व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) उभारायचं, त्यात एक्सपी टाकायची आणि सीरियल कार्ड थेट तिच्या ताब्यात द्यायचं. उपाय चांगलाच आहे. पण मध्येच वजन येईनासं होतं किंवा व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही, आणि दोष जातो केबलवर. खरं कारण बऱ्याचदा सामायिक इंटरप्टमध्ये असतं. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचं लक्ष वेधायला दिलेला संकेत.

गैरसमज : कार्ड गेस्टला दिलं की त्याचा इंटरप्टही थेट गेस्टकडे जातो.

नाही. जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयएनटीएक्स इंटरप्ट आधी होस्टकडेच येतो. होस्ट तो ओळखतो आणि मग गेस्टला कृत्रिम इंटरप्ट देतो. कार्डाची मालकी बदलते, लाइनची बदलत नाही. पीसीआयमध्ये अशा लाइनी चारच, आयएनटीए ते आयएनटीडी, त्यामुळे एका लाइनवर दोन-तीन उपकरणं असणं नेहमीचंच. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स ही फाइल उघडून पाहा : एकाच ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देऊन दोन नावं दिसली, की ती लाइन सामायिक आहे.

गैरसमज : कोणत्या उपकरणाने इंटरप्ट दिला हे प्रोसेसरला कळतं.

फक्त लाइन कळते. कर्नल त्या लाइनवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतं, ‘तुझा आहे का?’ सगळेच नाही म्हणत राहिले, म्हणजे १,००,००० पैकी ९९,९०० हून अधिक वेळा, तर लिनक्स ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश नोंदवून अख्खी लाइनच बंद करतं.

गैरसमज : गेस्टचं काम होईपर्यंत होस्टने लाइन बंद ठेवली की झालं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. पीसीआयची लाइन लेव्हल-ट्रिगर्ड असते. कार्डाचं म्हणणं ऐकून घेतलं जाईपर्यंत ती चालूच राहते, आणि ऐकणारा ड्रायव्हर तर गेस्टमध्ये आहे. लाइन उघडी ठेवली तर इंटरप्टचा नुसता मारा होईल, म्हणून ती बंद करण्याचा मोह होतो. पण त्याच लाइनवर होस्टची डिस्क असली तर? गेस्टला पुढे जायला डिस्कवरचा डेटा हवा, डिस्कचा इंटरप्ट बंद लाइनीत अडकलेला आणि लाइन उघडायला गेस्टची वाट पाहिली जातेय. दोघंही कायमचे थांबले.

यातून सुटका केली ती २००२ च्या पीसीआय २.३ ने. प्रत्येक उपकरणाला दोन बिट मिळाले. स्टेटस रजिस्टरमधला बिट ३ सांगतो, ‘इंटरप्ट माझा आहे’. कमांड रजिस्टरमधला बिट १० फक्त त्याच उपकरणाला गप्प करतो. आता होस्ट स्टेटस वाचतो, कार्डाला गप्प करतो आणि गेस्टला कळवतो. लाइन शेजाऱ्यांसाठी मोकळीच राहते. गेस्टने काम संपल्याचं सांगितलं की कार्डाला पुन्हा बोलू दिलं जातं. तेव्हा काही शिल्लक असेल, तर इंटरप्ट परत येतो. हरवत काही नाही. उपकरण गेस्टच्या ताब्यात देणारी, २०१२ मध्ये लिनक्समध्ये आलेली व्हीएफआयओ ही यंत्रणा हेच करते. इतका छोटा बदल आणि इतका मोठा पेच सुटला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

गैरसमज : एमएसआय आल्यावर हा प्रश्न संपला.

एमएसआयमध्ये लाइनच नसते, उपकरण ठरलेल्या पत्त्यावर संदेश लिहितं. त्यामुळे वाटेकरी उरत नाही. पण विंडोजमध्ये त्याचा आधार व्हिस्टापासून आला. आपली एक्सपी जुन्याच लाइनवर राहणार.

शिवाय सगळी कार्डं प्रामाणिक नाहीत. लिनक्स बिट १० बदलून, परत वाचून तपासतं; काही कार्डं बिट स्वीकारतात आणि तरी बोलत राहतात. अशांची यादी कर्नलमध्येच ठेवलेली आहे. अशा कार्डासाठी व्हीएफआयओ लाइन एकट्याची मागते आणि शेजारी असला तर नकार मिळतो. अशा वेळी कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहा, कारण स्लॉटप्रमाणे लाइन बदलू शकते. नाहीतर त्या लाइनवरच्या बिनगरजेच्या उपकरणाचा ड्रायव्हर होस्टवरून काढा. नवं कार्ड विकत घ्यायचा विचार त्यानंतर.