जुन्या होडीला नवे आयुष्य

कोकणातल्या एखाद्या खाडीच्या काठाने फिरलात, तर माडांच्या सावलीत पडलेली एखादी जुनी लाकडी होडी तुम्हांला हमखास दिसेल. रंगाचे पोपडे निघालेले असतात. दोन फळ्यांच्या मधून उजेड दिसत असतो. पाहणाऱ्याला वाटते, आता हिचे जळणच व्हायचे! पण होड्या बांधणारा जाणता सुतार असा झटपट निकाल देत नाही. तो होडीभोवती फिरतो, जागोजाग ठोकून आवाज ऐकतो, एखाद्या ठिकाणी टोचून पाहतो आणि मग बोलतो. बहुतेक वेळा त्याचे म्हणणे असते, ‘होईल दुरुस्त.’

हे त्याला कशावरून कळते? आणि तुमच्यासारख्या नवशिक्याला हे काम शिकायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी? या प्रश्नांच्या उत्तरांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन आणि भौतिकी ही चारही शास्त्रे आपल्याला भेटतील.

होडी कुजते ती वरून

पुष्कळांची समजूत अशी असते, की होडी सतत पाण्यात राहते म्हणून कुजते. खरी गोष्ट जवळजवळ उलट आहे. लाकूड कुजवणारी असते ती बुरशी. तिला जगायला ओलावा हवा आणि हवाही हवी. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून कमी असेल, तर बुरशी वाढू शकत नाही. उलट लाकूड पाण्यात पूर्ण बुडून राहिले, तर तिला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. शिवाय समुद्राच्या पाण्यातले मीठही तिला मानवत नाही.

मग होडीचा कोणता भाग कुजतो? जेथे पावसाचे गोडे पाणी साचते आणि हवाही लागते तो! म्हणजे होडीच्या आतला तळ, काठाच्या पट्ट्यांखालच्या खाचा, फळ्यांची टोके आणि आडव्या बाकांचे सांधे. पावसाळ्यापूर्वी कोकणातले मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात, त्याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. झावळ्यांचे छप्पर पाऊस अडवते, पण वारा अडवत नाही. प्लॅस्टिकचा कागद होडीला घट्ट गुंडाळला, तर पाऊस अडतो, पण आतली वाफ कोंडते आणि बुरशीचे फावते.

आधी तपासणी, मग हत्यार

म्हणून जुनी होडी हाती आली की पहिले काम हत्यार चालवण्याचे नव्हे, तर तपासण्याचे. एक पेचकस, एक छोटी लाकडी मोगरी, खडू आणि वही एवढे साहित्य पुरे. मोगरीने फळीवर हलकेच ठोका. चांगले लाकूड खणखणीत वाजते. कुजलेले किंवा पोखरलेले लाकूड ‘बद्द’ असा आवाज देते. संशय आला तेथे पेचकसाचे टोक दाबून पाहा. चांगल्या लाकडात ते जेमतेम रुतते. कुजलेल्या लाकडात लोण्यात सुरी जावी तसे आत जाते. अशा प्रत्येक जागेवर खडूने खूण करा आणि वहीत होडीचे चित्र काढून त्यातही ती नोंदवा.

होडीचे अवयव सोपे आहेत. तळाशी लांबीभर जाणारा कणा, त्यावर बसवलेल्या वाकड्या बरगड्या आणि बरगड्यांवर ठोकलेल्या फळ्या. पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. फळी खराब झाली तर बदलता येते. एखादी बरगडीही बदलता येते. पण कणाच कुजला असेल, तर नवशिक्याने त्या होडीला नमस्कार करून दुसरी होडी शोधावी, हे उत्तम.

लाकूड खाणारा शिंपला

खाऱ्या पाण्यात बुरशीचे भय कमी, पण तेथे दुसरा शत्रू टपलेला असतो. त्याचे नाव टेरेडो. दिसायला हा लांबट, मऊ किड्यासारखा असतो. खरे पाहता तो तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या गोत्रातला प्राणी आहे. त्याच्या डोक्याकडे दोन चिमुकल्या शिंपा असतात. त्या कानशीसारख्या फिरवून तो लाकडात बोगदा खणतो. लाकूड पचवण्यासाठी त्याला त्याच्या कल्ल्यांत राहणारे जीवाणू मदत करतात.

टेरेडो लाकडात शिरतो तो पिल्लू असताना. त्यामुळे बाहेर दिसते ते भोक टाचणीच्या डोक्याएवढेच असते. आत मात्र प्राणी वाढतो आणि बोगदाही रुंदावत जातो. वरून धडधाकट दिसणारी फळी आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी झालेली असू शकते! म्हणूनच नुसते पाहून भागत नाही, ठोकून ऐकावे लागते. होडी काही आठवडे किनाऱ्यावर कोरडी ठेवली, की हा प्राणी मरतो. नव्याने शिरू नये म्हणून होडीला तेलाचे हात देतात. कोकणात माशांचे तेल आणि काजूच्या टरफलांचे तेल यांसाठी वापरत आले आहेत. काजूच्या टरफलाचे तेल कातडीला भाजते, हे मात्र विसरू नका.

तांबे आणि लोखंड यांचे वैर

आता खिळ्यांकडे वळू. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. टेरेडोपासून बचाव व्हावा, हा हेतू. १७६३ साली पाहणी झाली, तेव्हा लाकूड शाबूत होते. पण पत्रे जागोजाग गळून पडले होते. ते ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते, ते खिळेच गंजून गेले होते. गंमत अशी, की काही खिळे चांगले राहिले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे या खिळ्यांच्या आणि तांब्याच्या मध्ये राहून गेले होते!

याचे कारण असे. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले, की त्यांची एक विद्युतघटमाला तयार होते. त्यात लोखंडाचा बळी जातो आणि तांबे सुरक्षित राहते. कागदाने दोन्ही धातू अलग ठेवले, म्हणून ते खिळे वाचले. तेव्हा जुनी होडी दुरुस्त करताना ज्या धातूचे खिळे आधी आहेत, त्याच धातूचे नवे खिळे वापरावेत. तांब्याच्या खिळ्यांच्या शेजारी लोखंडी खिळे ठोकू नयेत.

एका वेळी एकच फळी

नवशिक्याला घाई असते. तो सगळ्या खराब फळ्या एकदम काढून टाकतो आणि मग होडीचा आकारच हरवून बसतो! लाकडाच्या होडीचा आकार फळ्या आणि बरगड्या एकमेकींना धरून ठेवतात म्हणून टिकतो. म्हणून आधी होडीला कण्याच्या लांबीभर सारखे टेकू द्यावेत. दोन टोकांनाच टेकू दिले, तर मध्ये ती खाली वाकते. फक्त मध्ये दिला, तर टोके ओघळतात. मग जाड पुठ्ठ्याचे साचे कापून होडीची गोलाई जागोजाग उतरवून घ्यावी, मापे लिहावीत आणि छायाचित्रे काढावीत. त्यानंतर एकच फळी काढावी. ती फेकू नये. कुजलेली असली तरी नव्या फळीसाठी तिच्याइतका चांगला नमुना दुसरा नाही. नवी फळी बसली, की मगच पुढची काढावी.

एक मोह टाळायला हवा. जुन्या ओलसर लाकडावर फायबरग्लासचा थर चढवला, की झाली होडी नवी, असे काहींना वाटते. पण आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि चकचकीत थराखाली लाकूड गुपचूप कुजत राहते.

फटी आणि फुगणारे लाकूड

लाकूड ओले झाले की फुगते, हे तुम्हांला पावसाळ्यात न लागणाऱ्या दारावरून माहीत आहे. पण ते सगळ्या दिशांनी सारखे फुगत नाही. धाग्यांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ मुळीच फुगत नाही. रुंदीत मात्र फुगते. सागाची २० सेंटिमीटर रुंद फळी उन्हात चांगली वाळली, तर तिची रुंदी साधारण दोन ते चार मिलिमीटरांनी कमी होऊ शकते. किनाऱ्यावर पडलेल्या होडीच्या फटींतून उजेड का दिसतो, ते आता कळले ना?

या फटींत तेलात भिजवलेली कापसाची वात बोथट पटाशीने आणि मोगरीने ठासतात आणि वरून राळ व तेल यांचे लुकण भरतात. वात किती ठासायची, यातच कसब आहे. कमी ठासली तर पाणी गळते. फार ठासली, तर पाण्यात फळ्या फुगल्यावर त्यांना जागा उरत नाही आणि त्या बरगड्यांवरचे खिळे उपटून काढतात. जुना कारागीर हे मोगरीच्या आवाजावरून ओळखतो. पुस्तकात न मिळणारे ज्ञान म्हणतात ते हेच.

हे काम नीट होणे का महत्त्वाचे आहे, ते एका हिशोबाने पाहू. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरांवर एक सेंटिमीटर व्यासाचे एकच भोक आहे असे समजा. त्यातून पाणी मिनिटाला सुमारे ७ लिटर या वेगाने आत येऊ लागते, म्हणजे तासाला ४०० लिटरांहून जास्त. हे वजन तुमच्या वर्गातल्या आठ-नऊ मुलांएवढे झाले! एका भोकाची ही कथा, मग उघड्या फटींचे काय?

म्हणूनच दुरुस्त केलेली होडी पहिल्या दिवशी कधीही खोल पाण्यात नेत नाहीत. उथळ पाण्यात बांधून ठेवतात आणि एक-दोन दिवस आत आलेले पाणी उपसत राहतात. फळ्या हळूहळू फुगतात, फटी मिटतात आणि गळती थांबते. थांबली नाही, तर होडी पुन्हा किनाऱ्यावर!

मुंबईत जन्मलेली दोनशे वर्षांची नौका

दुरुस्तीने किती आयुष्य वाढू शकते? ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागाच्या लाकडात बांधली. १८९७ साली ती मोडीत निघाली होती. पण एका हौशी माणसाने ती विकत घेतली आणि पुढे कित्येक वर्षे, १९८६ सालापर्यंत, ती मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी वापरली गेली. नंतर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तिची दहा वर्षांहून अधिक काळ दुरुस्ती चालली आणि ती २००१ साली पूर्ण झाली. तिच्या लाकडापैकी निम्म्याहून अधिक लाकूड अजून मूळचेच आहे. सागात नैसर्गिक तेल असते, ते बुरशीला व किडीला दूर ठेवते. पण नुसत्या सागाने हे झाले नाही. खराब भाग वेळीच ओळखून बदलणारे हात होते, म्हणून ती वाचली.

आज आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्या आहेत आणि लाकडी होडीचे काम जाणणारे सुतार कमी होत चालले आहेत. एक म्हातारा कारागीर गेला, की मोगरीचा आवाज ओळखणारा एक कानही जातो. त्याच्या शेजारी बसून पाहणारे कोणी असेल, तरच ते ज्ञान पुढे जाईल.

तेव्हा तुमची सुरुवात अशी करा. मोठी होडी निवडू नका. तीन-चार मीटरांची पुरे. एकट्याने काम करू नका. जाणत्या सुताराच्या हाताखाली करा. जुना रंग कोरडाच खरवडू नका. त्यात शिसे असू शकते आणि ती धूळ विषारी असते. मोठ्यांच्या मदतीने, तोंडाला योग्य मुखवटा लावून आणि पृष्ठभाग ओला करूनच तो काढावा. आणि जीवरक्षक जाकीट घातल्यावाचून होडीत पाऊल टाकू नका.

करून पाहा

१. आंब्याच्या लाकडाच्या चांगल्या वाळलेल्या फळीचा सुमारे १० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच लांब तुकडा घ्या. लांबी, रुंदी आणि वजन लिहून ठेवा. तो तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. रुंदी किती वाढली? लांबी किती? वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणा. तुकड्याने शोषलेल्या पाण्याचे प्रमाण मिळेल.

२. दोन लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. एकाला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा. दोन्ही खिळे मिठाच्या पाण्याच्या वेगवेगळ्या पेल्यांत आठवडाभर ठेवा. कोणता खिळा जास्त गंजतो, त्याची रोज नोंद ठेवा. ‘अलार्म’ नौकेचे कोडे तुमच्या टेबलावर सुटेल.