शेत न सोडतां पदवी

सुगीचे दिवस आले कीं शेतकऱ्याच्या मुलाचें कॉलेज बुडतें, आणि एकदां बुडूं लागलें म्हणजे बहुधा सुटतेंच. बारावी होऊन लग्न झालेल्या मुलींची गोष्टही याहून निराळी नाहीं. अशांस घरीं राहून पदवी मिळविण्याचा मार्ग आज खुला आहे. त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही कल्पना नवी नव्हे. लंडन विद्यापीठानें १८५८ सालींच बाहेरून अभ्यास करणाऱ्यांस परीक्षेची मोकळीक दिली. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालीं व नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें. आतां तर ऑनलाइन अभ्यासक्रमांत व्याख्यानें मोबाईलवरच ऐकतां येतात. पाण्याची पाळी चुकली तर पीक करपतें. येथें चुकलेलें व्याख्यान पुन्हां ऐकतां येतें. परीक्षा मात्र नेमल्या दिवशीं द्यावीच लागते.

बीं घेतांना पिशवीवरील खूण पाहतों, तशी प्रवेशापूर्वीं मान्यता पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची व अभ्यासक्रमांची यादी असते. संस्था मान्य असली म्हणजे तिचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असतो असें नाहीं. दोन्हीं नांवें ताडून पाहावीं. अशी मान्य पदवी नेहमींच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असें आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे. परीक्षेवांचून पदवी देऊं म्हणणारा दलाल भेटल्यास त्यास उंबऱ्याबाहेरूनच वाटेस लावावें.

आणखी एक गोष्ट शेतकरीबंधूंनीं ध्यानांत ठेवावी. आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणें शेतकीची पदवी या रीतीनें देतां येत नाहीं. आमच्या मतें हें योग्यच आहे. कलम बांधणें पडद्यावर पाहून येत नाहीं, हातानें बांधूनच येतें. कोणी ऑनलाइन शेतकी पदवीचें आमिष दाखवील तर पैसे भरूं नयेत. वाणिज्य शाखेची पदवी मात्र अशी घेतां येते, आणि हिशेब जाणणारें माणूस सहकारी सोसायटीस व घरास सारखेंच उपयोगीं पडतें.

शेवटीं प्रश्न वेळेचा. रोज दोन तास नेमानें अभ्यास झाल्यावांचून पदवी पदरांत पडत नाहीं. पुस्तक उघडून बसलेल्या सुनेस भाकरीसाठीं हांक मारण्याचा मोह घरांतील वडील माणसांनीं आवरला, तर निम्में काम झालें असें समजावें.