शकुनीवाचून द्यूत

दिवाळीच्या पाडव्याला बलिप्रतिपदा म्हणतात हे सर्वांना ठाऊक असते; त्याच दिवसाचे द्यूतप्रतिपदा हे दुसरे नाव मात्र आपण सोयीने विसरतो. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळली अशी कथा आहे आणि तिचा आधार घेऊन पूर्वी कित्येक घरांतून त्या रात्री कवड्या वाजत. हार-जीत व्हावयाची ती चार आण्यांची. आणि हरलेले चार आणेही घरातच राहावयाचे.

२०२४ सालच्या पाडव्याला माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. एका संस्थेत तो कारकून आहे. मुलगा सरळमार्गी, अक्षर सुरेख. फराळाच्या ताटलीला त्याने हात लावला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, तुम्ही भाषेचे मास्तर, तुम्हांला हे विचारू नये. पण मोबाइलवरचा कॅसिनो लबाड असतो का हो?"

मग हळूहळू सारे बाहेर आले. मोटारसायकलसाठी पतपेढीतून कर्ज काढले होते, ८२,००० रुपये. मोटारसायकल आलीच नाही. चार महिन्यांत ते पैसे मोबाइलवरल्या फिरत्या चित्रांच्या खेळात – ज्याला स्लॉट म्हणतात त्यात – गेले. आता त्याला एवढेच हवे होते की, मी 'होय, ते लबाड आहेत' म्हणावे. म्हणजे एखादा प्रामाणिक कॅसिनो शोधून गेलेले पैसे परत मिळविता येतील!

शकुनीने फासे भारलेले होते अशी आपल्या लोकांची जुनी समजूत आहे. महाभारतात शकुनी कपटी आहे आणि फाशांत निष्णातही आहे. पण आपल्याला ते पुरत नाही, फासेच खोटे असावे लागतात. हरलेल्याला शकुनी हवा असतो. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. गणिताचे एक प्राध्यापक माझे शेजारी आहेत. मी त्याला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्या संध्याकाळी जे ऐकले ते वाचकांपुढे ठेवतो. गुणाकार-भागाकारापलीकडचे त्यात काही नाही.

प्राध्यापकांनी प्रथम रूलेटचे चक्र काढून दाखविले. या चक्रावर १ ते ३६ असे आकडे असतात आणि त्यांच्या जोडीला एक शून्य. म्हणजे कप्पे एकूण ३७. तुम्ही एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला, तर ३५ रुपये मिळतात व तुमचा रुपया परत येतो. आता अशी कल्पना करा की, तुम्ही सर्वच्या सर्व ३७ कप्प्यांवर एकेक रुपया लावला. तुमचा आकडा लागणार हे निश्चित! पण टाकलेत ३७ आणि हाती आले ३६. हा जो एक रुपया राहिला, तो घराचा. शेकडा २.७०. अमेरिकेतल्या चक्रावर शून्याखेरीज दुहेरी शून्याचाही कप्पा असतो. तेथे हाच हिस्सा शेकडा ५.२६ होतो. चक्र तेलपाणी घातलेले, गोळी शुद्ध, फिरविणारा हरिश्चंद्राचा अवतार असला तरी यात दमडीचा फरक पडत नाही.

आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्याचा मालक जो हिस्सा काढतो त्याला 'नाल' म्हणतात. ही नाल फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत असे सांगितले आहे. पण ती नाल उघड होती. जिंकणारा ती डोळ्यांदेखत मोजून देई. चक्रावरची नाल शून्याच्या कप्प्यात दडलेली असते. ती देताना देणाऱ्याला वाटते की, आपले नशीब जरा हुकले.

विद्यार्थी म्हणाला, "पण सर, माझ्या खेळात तर ९६ टक्के परत मिळतात असे लिहिलेच होते. शंभरातले चारच जायचे. मग माझे सगळे कसे गेले?"

साऱ्या प्रकरणाची मेख या प्रश्नात आहे. ९६ टक्के परत हे खरे. पण ते तुम्ही खात्यात भरलेल्या रकमेवर नव्हे, लावलेल्या प्रत्येक डावावर. हजार रुपये एकदा सगळे लावून झाले की, सरासरीने ९६० उरतात. पण उठतो कोण? ते ९६० पुन्हा लागतात, त्यांचे ९२१ होतात. असे हजार रुपये सतरा वेळा फिरले की निम्मे उरतात, आणि पन्नास वेळा फिरले की १३०. मधूनमधून मोठा डाव लागतो, खाते फुगते, मन हरखते. परंतु ते सारे सरासरीच्या पोटातच असते.

प्राध्यापकांनी त्याच्या मोबाइलवरचा जुना हिशोब काढावयास लावला. लावलेल्या सर्व डावांची बेरीज आली सुमारे वीस लाख रुपये.

"वीस लाख?" तो ओरडलाच. "अहो, वीस लाख मी जन्मात पाहिले नाहीत!"

"पाहिले नाहीस, पण फिरवलेस," प्राध्यापक म्हणाले. "वीस रुपयांचा डाव, सहा सेकंदांत एक. तासाला सहाशे. रोज रात्री सुमारे दीड तास. चार महिन्यांत लाखभर डाव होतात. वीस लाखांचे शेकडा चार किती?"

त्याने तोंडी हिशोब केला. ऐंशी हजार. मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

प्रत्येकाचा आकडा असा बेतशीर जुळेलच असे नाही. थोडे डाव खेळणारा कधी पुढे राहून उठतोही. पण डाव जितके वाढतात तितका नशिबाचा वाटा लहान होत जातो आणि नालीचा मोठा. म्हणून घराच्या हिश्शाइतकाच खेळाचा वेगही पाहिला पाहिजे. मुंबईच्या मटक्यात दहा आकड्यांपैकी एक लावावयाचा आणि लागला तर रुपयाला नऊ मिळावयाचे. म्हणजे नाल चांगली शेकडा दहा. परंतु मटका दिवसातून दोनदा निघे, ओपन आणि क्लोज. खऱ्या मेजावर रूलेटचे चक्र तासाला चाळीसेक वेळा फिरते. वीस रुपयांच्या डावाने तासाचे सरासरी नुकसान बाविसेक रुपये. तोच वीसचा डाव मोबाइलवर तासाला सहाशे वेळा लावला तर नुकसान ४८०. नाल दीडपट, पण तोटा बावीसपट! बोट तेवढे हलवायचे. ना कपडे करावयाचे, ना दिवा लावावयाचा. बायको शेजारी झोपलेली असते.

"पण हरलो की डाव दुप्पट करायचा, अशी एक युक्ती आहे ना?" त्याने विचारले. बुडणाऱ्याला ही काडी हमखास सापडते. रूलेटमध्ये लाल-काळ्यावर दहा रुपये लावा. हरलात तर वीस, मग चाळीस. एकदा जिंकलात की सारे भरून येऊन वर दहा रुपये सुटतात. प्राध्यापकांनी कागद पुढे ओढला. लागोपाठ दहा वेळा हरलात तर १०,२३० रुपये गेले आणि अकराव्या डावाला १०,२४० हवेत. ते बहुधा तुमच्याजवळ नसतात. असले तर घराने डावाला मर्यादा घातलेली असते. लागोपाठ दहा वेळा हरण्याचा प्रसंग सुमारे ७८४ मालिकांत एकदा यावयाचा. म्हणजे ७८३ वेळा दहा-दहा मिळून ७,८३० आले आणि एका फटक्यात १०,२३० गेले. मोंटे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी गोळी लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडली. 'आता तरी लाल येणारच' म्हणून लोक रकमा वाढवीत गेले आणि धुऊन निघाले. गोळीला मागच्या फेरीची आठवण नसते. ती फक्त माणसाला असते.

'हजार भरा, हजार बक्षीस' अशी जाहिरात असते, तिचीही तीच गत. खालच्या बारीक अक्षरांत अट असते की, बक्षिसाच्या पस्तीस पट रकमेचे डाव लावल्याखेरीज पैसे काढता येणार नाहीत. पस्तीस हजारांचे शेकडा चार म्हणजे १,४००. हजाराच्या बक्षिसासाठी चौदाशेचा खर्च!

सर्वच खेळांत घर सारखे खाते असे मात्र नाही. ब्लॅकजॅकमध्ये एकही चूक न करता खेळणाऱ्यावर घराचा हिस्सा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने तर १९६२ साली पुस्तक लिहून दाखविले की, वाटून झालेली पाने लक्षात ठेवणारा घरावरही मात करू शकतो. पण संगणकाचा जोड सहसा प्रत्येक डावाला नव्याने पिसला जातो. मग लक्षात ठेवावयाचे काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु चोरवाटा उरतातच. परदेशातून चालणारा एखादा खेळ कोणी तरी मोबाइलवर धाडून देतो, आणि तेथे तर तो ९६ चा आकडा खरा की खोटा हे पाहणाराही कोणी नाही. कायद्याने दार लावले, तरी आतून कडी आपणच घालावयाची असते.

निघताना त्याने विचारले, "म्हणजे सर, ते लबाड नव्हतेच?"

मला वनपर्वातला नळ आठवला. द्यूतात राज्य घालविलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत बेहड्याच्या झाडाची पाने-फळे राजा नुसत्या नजरेने मोजून सांगतो. नळ रथ थांबवून ती मोजतो, आणि संख्या बरोबर भरते. तेव्हा अश्वविद्या देऊन तो अक्षविद्या घेतो आणि त्याच्या देहातून कली बाहेर पडतो. आमच्या पूर्वजांनी बेहड्याच्या फळांनीच द्यूत खेळावे आणि तेच झाड मोजून कली घालवावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. नळ पुढे पुन्हा खेळला आणि जिंकला. पण त्याच्यासमोर पुष्कर होता, माणूस होता. या यंत्रापुढे मोजता येणाऱ्याने उठावे, एवढाच जय शक्य आहे.

"नव्हते असे समज," मी म्हटले. "प्रामाणिकपणेच त्यांनी तुझे ऐंशी हजार घेतले. दुसरा प्रामाणिक कॅसिनो शोधलास तर तोही घेईल."

यंदा पुन्हा तो आला तेव्हा कर्जाचे अकरा हप्ते उरले होते. ते त्याने पाकिटातल्या एका चिठ्ठीवर मांडून ठेवले आहेत आणि दर महिन्याला एकेक खोडतो. बसने आला होता. या खेपेस चिवड्याची ताटली मात्र त्याने संपविली.